आधी पाठ बघा

तळहातावर मावेल एवढा कागद. त्यावर जलरंगात काढलेला एक चेहरा. कपाळावर बटा, गळ्याशी लेसची कॉलर, ओठांच्या कोपऱ्यात हसू आहे की नाही, ते काही कळत नाही. आपण या चेहऱ्यात गुंतून पडतो. पारखी मात्र चित्र उलटं करतो.

पाठीवर काय काय सापडतं! फिकट शाईतलं नाव, चौकट बनवणाऱ्याची चिठ्ठी, जुन्या लिलावाचा क्रमांक. आणि पुष्कळदा, पुढच्या पिढीतल्या कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं, 'ही आमची पणजी'. त्यावर लगेच विश्वास ठेवायचा नसतो. नाव पणजीचं आणि पोशाख तिच्याही आजीच्या काळातला, असं सर्रास होतं.

मग कागद उजेडासमोर धरतात. समांतर रेघा दिसल्या, तर तो ओळीनं ताणलेल्या तारांच्या साच्यावर बनवलेला कागद. रेघा नसलेला, सलग पोताचा कागद युरोपात आला १७५० च्या दशकात. त्याआधीची तारीख सांगणारं चित्र अशा कागदावर असेल, तर तारीख तरी खोटी किंवा चित्र तरी.

आता भिंग. चित्रकारही गालांवर ठिपक्या-ठिपक्यांनी रंग भरत, पण हाताच्या ठिपक्यांना शिस्त नसते. ओळीनं मांडलेले ठिपके दिसले की समजावं, हे छापील आहे.

अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा झळकला, तर त्यात विसाव्या शतकाच्या मध्यानंतर वापरात आलेली चमक आणणारी रसायनं आहेत. आणि १८२० च्या म्हणवणाऱ्या कॉलरमध्ये टायटॅनियमचा पांढरा निघाला, तर? तो रंग बाजारात आला १९२० च्या सुमारास. चित्र बनावट असेलच असं नाही. कुणीतरी नंतर 'सुधारलं' असेल. किंमत मात्र उतरते.

सुधारण्याचा मोह का होतो, तेही समजण्यासारखं आहे. जुना पांढरा म्हणजे शिशाचा सफेदा. हवेतल्या गंधकाच्या वायूनं तो काळा पडतो आणि नाजूक लेस काजळल्यासारखी दिसते. संवर्धक हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून तो काळेपणा घालवू शकतात, तेही सूक्ष्मदर्शकाखाली, एकेका ठिपक्यावर. घरी ओला कापूस फिरवणाऱ्याच्या हाती मात्र फक्त रंगलेला कापूस येतो. जलरंग डिंकात कालवलेला असतो. पाणी लागलं की सुटतो.

खरा शत्रू बहुधा मागेच दडलेला असतो. लाकडी फळी, स्वस्त पुठ्ठा, चिकटपट्टी. त्यांतलं आम्ल कागदात उतरतं आणि कडेनं तपकिरी पट्टा उमटतो. म्हणून आम्लरहित पुठ्ठा, चित्र त्याला धरून ठेवणाऱ्या जपानी कागदाच्या बारीक पट्ट्या, म्हणजे बिजागऱ्या, आणि गव्हाच्या स्टार्चची खळ. खळच का? उद्या पुन्हा सोडवता येते म्हणून. काच चित्राला टेकू द्यायची नाही. जुन्या काचेला आतून घामासारखे थेंब येत असतील तर ती बदलायचीच. उजेड मंदच, ५० लक्सपर्यंत (लक्स म्हणजे उजेडाचं माप). गालांवरचा गुलाबी एकदा उडाला की परत येत नाही.

शेवटी नवी पाठ बसते. पण जुनी फेकत नाहीत. तिचा फोटो काढतात, चिठ्ठ्या वेगळ्या पाकिटात ठेवतात, क्रमांक घालतात. पेन्सिलीतल्या त्या पणजीसकट.