गिअर बॉक्स उतरवण्याआधी

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा, मालाने भरलेला एखादा ट्रक खंबाटकी घाट चढू लागला, की त्याच्या क्लचची खरी परीक्षा सुरू होते. इंजिनाचे फेरे वाढत जातात, आवाज चढतो, पण गाडीचा वेग वाढत नाही, आणि थोड्याच वेळात केबिनमध्ये जळकट वास भरतो. क्लच सरकतो आहे, म्हणजे त्याची पकड सुटते आहे, हे चालकाला येथेच कळते. तो का सरकतो आहे, हा प्रश्न मात्र पुष्कळदा कोणी विचारण्याआधीच गिअर बॉक्स खाली उतरलेला असतो, नवी प्लेट आणलेली असते, आणि मूळ दोष जागच्या जागी राहिल्यामुळे तीही अकाली जळते.

क्लच इंजिनाची शक्ती गिअर बॉक्सकडे पोहोचवतो. इंजिनासोबत फिरणारे जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, आणि स्प्रिंगच्या जोराने दाबणारी प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते. पेडल दाबले, की रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटची बोटे (दाब सोडवणाऱ्या पट्ट्या) हलवते, दाब सुटतो आणि इंजिन गिअर बॉक्सपासून वेगळे होते. जड ट्रकमध्ये हा दाब निव्वळ पायाच्या जोराने सोडवणे अवघड असते. म्हणून पेडलपाशी असलेला मास्टर सिलिंडर तेलाचा दाब बूस्टरकडे पाठवतो आणि बूस्टर टाकीतल्या हवेची मदत घेऊन, रिलीज बेअरिंगला ढकलणारा फोर्क हलवतो. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते, ती म्हणजे पेडल, तेल, हवा आणि बूस्टर हे सारे हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) बाहेर आहे आणि गिअर बॉक्सला हात न लावता तपासता येते.

सकाळी गाडी सुरू करताच पेडल जड लागले, तर आधी हवेचा काटा पाहावा, कारण टाक्या भरल्यावर जे पेडल हलके होते त्यात दोष नसतो. दाब पूर्ण असूनही जडपणा टिकला, तर संशय बूस्टरवर, कोरड्या पडलेल्या फोर्कच्या बुशांवर किंवा झिजलेल्या प्रेशर प्लेटवर जातो. पेडल मऊ लागत असेल आणि दोन-तीनदा भराभर दाबल्यावरच गिअर पडत असेल, तर तेलाच्या नळीत हवा शिरली आहे किंवा मास्टर सिलिंडरचे रबर गेले आहे, असे समजावे. अशा वेळी तेलाच्या भांड्यातील पातळी, पेडलच्या मागची ओल आणि बूस्टरखालचा ओघळ हे तीनही पाहावे.

पेडलची मोकळी चाल हा पुढचा मुद्दा आहे. ती अजिबात उरली नसेल, तर पाय काढल्यानंतरही बेअरिंग बोटांवर दाब देत राहते आणि प्लेट पूर्ण आवळली जात नाही, म्हणून क्लच सरकतो. ती फार वाढली, तर प्लेट पूर्ण सुटत नाही. ही चाल किती असावी, हे प्रत्येक मॉडेलसाठी वेगळे असते, त्यामुळे दुसऱ्या गाडीचे माप अंदाजाने लावण्यापेक्षा कंपनीचे पुस्तक उघडणेच बरे.

गिअर टाकताना कर्र असा आवाज येत असेल, तर उभ्या गाडीत, इंजिन मंद गतीवर ठेवून, पेडल पूर्ण दाबावे, काही सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकून पाहावा. एवढे थांबूनही दात घासत असतील, तर गिअर बॉक्सचा शाफ्ट अजून फिरतो आहे, म्हणजेच क्लच सुटत नाही. यानंतरची तपासणी निर्णायक आहे. इंजिन बंद करावे, हवेचा दाब पूर्ण असल्याची खात्री करावी, चाकांना ठोकळे लावावेत, एकाने पेडल दाबावे आणि दुसऱ्याने बूस्टरचा दांडा किती पुढे सरकतो ते मोजावे. दांडा अपुरा सरकला, तर दोष बाहेर आहे. तो पुस्तकात दिलेल्या मापाइतका सरकूनही गिअर घासत असेल, तर वाकलेली प्लेट, शाफ्टच्या खाचांवर अडकलेला हब (प्लेटचा मधला भाग) किंवा जाम झालेले पायलट बेअरिंग (शाफ्टचे पुढचे टोक पेलणारे) यांपैकी काहीतरी आत आहे, आणि मगच गिअर बॉक्स उतरवण्याला अर्थ आहे.

आवाजही दिशा दाखवतो. पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली, तर बहुधा रिलीज बेअरिंग गेलेले असते. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेले असताना येणारा आवाज पेडल दाबताच थांबला, तर गिअर बॉक्सच्या पुढच्या बेअरिंगकडे पाहावे.

हाउसिंग उघडल्यावर जुनी प्लेट लगेच भंगारात टाकू नये, कारण बिघाडाचा इतिहास तिच्यावरच उमटलेला असतो. लायनिंगवर, म्हणजे प्लेटच्या घर्षणाच्या थरावर, तेल असेल, तर ते इंजिनाच्या मागच्या सीलमधून आले की गिअर बॉक्सच्या पुढच्या सीलमधून, हे ठरवावे. गिअर ऑइलचा उग्र वास ओळखायला फारसा अनुभव लागत नाही. फ्लायव्हीलवर निळसर डाग आणि केसासारख्या बारीक चिरा दिसल्या, तर क्लच फार तापला होता, आणि त्याचे कारण अनेकदा हाफ क्लचची, म्हणजे पेडल अर्धवट दाबून गाडी चालवण्याची, सवय हे असते. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्यापुढे ऊस भरलेल्या गाड्या इंचाइंचाने सरकतात, तेव्हा हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणारा चालक घाटातल्यापेक्षा जास्त लायनिंग तेथेच घालवू शकतो. त्याला दोष देणे सोपे आहे, पण रांगच तशी असते. पुढची गाडी पुरेशी सरकेपर्यंत न्यूट्रलमध्ये ब्रेकवर थांबणे, एवढे मात्र त्याच्या हातात असते.

हाउसिंगमधली काळी धूळ हवेच्या पाइपने उडवू नये, कारण जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ती ओल्या फडक्याने पुसावी. नवी प्लेट बसवण्याआधी ती शाफ्टच्या खाचांवर हाताने सरकवून पाहावी आणि ती अडखळत असेल, तर बाकीचे काम तेथेच थांबवावे.