चिखलानं राखलेलं दार

नमस्कार श्रोतेहो. आयर्लंडभर जुनी गोल वेढ्याची वस्तीस्थानं विखुरली आहेत, चाळीस हजारांहून जास्त. भोवती खंदक, मातीचा बांध, आत एका कुटुंबाचं घरदार. तिकडे त्यांना ‘रॅथ’ म्हणतात. खणलं तर बहुतेक ठिकाणी खांबांचे खळगे तेवढे सापडतात. लाकूड कधीच मातीत गेलेलं असतं.

म्हणूनच मला अँट्रिम परगण्यातल्या ग्लेनार्मजवळची गोष्ट सांगायचीय. जागेचं नाव डिअर पार्क फार्म्स. शेतजमीन सुधारताना तिथल्या रॅथचं उंच टेकाड काढलं जाणार होतं. त्याआधी १९८४ ते १९८७ या काळात ख्रिस लिन यांच्या तुकडीनं ते खणलं. वरचे थर कोरडे. खाली गेले, तसा ओला काळा चिखल लागला. आणि त्या चिखलात भिंती, विणलेल्या! हेझेल नावाच्या झुडपाच्या फोका घेऊन टोपली विणावी तशा गोल गोल फिरवत वर नेलेल्या. एका गोल घराला पाठीमागून दुसरं गोल घर चिकटलेलं. वरून पाहिलं तर इंग्रजी आठ. आणि दाराला ओकची चौकट, जागच्या जागी. त्या ओकची वलयं मोजली, तर झाड तोडलं होतं इसवी सन ६४८ मध्ये. ‘सातव्या शतकाच्या सुमारास’ नव्हे, नेमकं ६४८! आपल्याकडे दुसऱ्या पुलकेशीला जाऊन तेव्हा पाच-सहा वर्षंच झाली होती. हा आकडा वाचला त्या दिवशी मी चहा ठेवला आणि उतू घालवला.

हे टिकलं कसं? पाण्यामुळं. पाण्यानं हवा अडवली. हवा नाही, म्हणून कुजणं नाही.

भिंती दुहेरी होत्या बरं का. पुन्हा सांगते, दुहेरी. दोन कुडांच्या मधल्या फटीत गवत-पाला ठासून भरलेला, थंडीसाठी. आपल्याकडच्या कारवीच्या कुडाच्या घरांना मागास म्हणून ज्यांनी पाडलं, त्यांनी उन्हाळ्यात एकदा पत्र्याखाली बसून पाहावं, असं मला फार वाटतं.

असो. संग्रहालयात गर्दी सोन्यापाशी होते. मला ओढ लागते ती त्या घरातल्या अंथरुणांची. भिंतीलगत बारीक काटक्यांची मऊ गादी अंथरलेली. संशोधकांनी तिथली माती चाळली, तर तिच्यात माणसांच्या अंगावरच्या पिसवा आणि उवा निघाल्या.