टेबलाखालचे पाय

नमस्कार श्रोतेहो.

दूरदर्शनवर बातम्या लागल्या की आपल्याला माणूस दिसतो, पण अर्धाच. डोकं, खांदे, हातातले कागद, आणि खाली टेबल. त्या टेबलाखाली काय आहे, हे आपल्या मनातही येत नाही. आज मी तुम्हाला टेबलाखालचीच एक गोष्ट सांगणार आहे. ती ब्रिटनमधली आहे, अँजेला रिपन या वृत्तनिवेदिकेची. ही गोष्ट सांगायला मला मनापासून आवडतं, म्हणून तिथवरचा रस्ता जरा भरभर कापतो.

अँजेला रिपन यांचा जन्म १९४४ सालचा, प्लिमथचा. प्लिमथ म्हणजे इंग्लंडच्या नैर्ऋत्येचं आरमारी बंदर. लहानपणी त्या बॅले नृत्य शिकल्या. बॅले शिकल्या, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. शाळा संपल्यावर गावातल्याच वर्तमानपत्रात कामाला लागल्या, १९६६ मध्ये बीबीसीच्या प्लिमथ केंद्रात आल्या, मग तिथल्याच एका खासगी वाहिनीत गेल्या आणि १९७३ मध्ये बीबीसीच्या वार्ताहर म्हणून राष्ट्रीय बातम्यांत आल्या. म्हणजे आधी बातमी शोधायची, लिहायची, आणि मग सांगायची. १९७५ मध्ये त्या बीबीसीच्या रात्री नऊच्या बातम्या नियमित देऊ लागल्या. राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर बीबीसीच्या बातम्या कायमपणे देणारी पहिली स्त्री पत्रकार ती हीच.

‘कायमपणे’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. त्यांच्या आधी १९६० मध्ये नॅन विंटन नावाच्या बाईंनी बीबीसीवर राष्ट्रीय बातम्या वाचल्या होत्या. पण बीबीसीने प्रेक्षकांचं मत अजमावलं, तेव्हा रात्रीच्या बातम्या बाईने वाचलेल्या लोकांना रुचत नाहीत असं निघालं, आणि पुढच्याच वर्षी त्यांना त्या कामावरून बाजूला केलं गेलं. त्यानंतर नियमित अशी बाई यायला १९७५ साल उजाडलं. मला त्या नॅन विंटन बाईंबद्दल फार वाटतं. त्यांच्या वाचण्यात खोट होती असं कुणी म्हटलेलं नाही. काळच त्यांच्या बाजूने नव्हता.

आणखी थोडं मागे जाऊ. १९५४ च्या जुलैमध्ये बीबीसीने दूरचित्रवाणीवर रोजच्या बातम्या सुरू केल्या. निवेदक होते रिचर्ड बेकर. पण त्यांचा फक्त आवाज ऐकू यायचा, पडद्यावर दिसायची चित्रं. निवेदकाचा चेहरा दिसायचा नाही. का? चेहऱ्यावरचे भाव बघून लोकांचं बातमीवरचं लक्ष उडेल, असं तिथल्या वरिष्ठांना वाटायचं. चेहरा दिसायला १९५५ साल लागलं. तेव्हा क्रम कसा आहे बघा. १९५४, चेहराही दाखवायचा नाही. १९५५, पुरुषाचा चेहरा चालेल. १९६०, बाईचा चेहरा चालत नाही. १९७५, बाईचा चेहरा चालेल. आणि त्या चेहऱ्याखाली टेबल.

इथे मला एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. मराठीत आपण ‘बातम्या देणं’ म्हणतो. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सकाळी ‘सुधा नरवणे प्रादेशिक बातम्या देत आहे’ हे शब्द यायचे, आणि कितीतरी घरांत त्या वेळी चहा उकळत असायचा. देत आहे. कागदावरचं वाचून दाखवणं वेगळं आणि देणं वेगळं. देणाऱ्याच्या हातात काहीतरी असावं लागतं. हल्ली बातम्या फेकतात. एकाच वाक्यात चार वेळा ‘सर्वात मोठी बातमी’ म्हणतात, आणि ‘पाणी’चं ‘पानी’ झालं तरी कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. असो. मी अँजेला रिपन यांच्याकडे येतो.

तर साल १९७६, तारीख २५ डिसेंबर. नाताळचा दिवस. तेव्हाच्या ब्रिटनमध्ये वाहिन्या तीनच. बीबीसीच्या दोन आणि तिसरी आयटीव्ही. घरात एक संच, आणि त्याच्यासमोर अख्खं कुटुंब. दुपारी जेवणं व्हायची, तीन वाजता राणीचा संदेश, आणि संध्याकाळी मोरकम आणि वाइज. ही विनोदी नटांची जोडगोळी. एरिक मोरकम उंच, चष्मेवाला. अर्नी वाइज बुटका, टापटीप. यांचा नाताळचा कार्यक्रम म्हणजे आपल्याकडे दिवाळीचा फराळ. तो चुकवायचा नसतो. आजोबांपासून नातवंडांपर्यंत कोट्यवधी माणसं एकाच वेळी एकच गोष्ट बघायची. आणि देशातले भलेभले लोक त्यांच्या कार्यक्रमात येऊन आपली चेष्टा करून घ्यायचे. त्यांनी बोलावलं म्हणजे तो मानच.

त्या वर्षी बोलावणं गेलं अँजेला रिपन यांना.

आता त्या घरांत काय चाललं असेल, डोळ्यांपुढे आणा. पडद्यावर अँजेला रिपन दिसतात. टेबलामागे, नेहमीसारख्या. केस व्यवस्थित, चेहरा गंभीर, आवाज तोच रात्री नऊचा. ज्या आवाजात लोकांनी वर्षभर संप ऐकले, महागाई ऐकली, उत्तर आयर्लंडमधले बॉम्बस्फोट ऐकले, तोच आवाज. बघणाऱ्यांना वाटलं असणार, आता त्या दोघांपैकी कुणीतरी मध्ये येऊन काहीतरी वेडंवाकडं बोलेल आणि बाई शांतपणे ऐकून घेतील. पाहुण्यांनी ऐकून घ्यायचं, हीच त्या कार्यक्रमाची रीत होती.

तेवढ्यात संगीत सुरू होतं. बाई उठतात. उठतात आणि टेबलामागून बाहेर येतात. श्रोतेहो, टेबलामागून बाहेर येतात! अंगात घोळदार झगा, बाजूला उंच चीर. आणि त्या चिरेतून एक पाय जो वर जातो, तो सरळ खांद्याच्या वर. लांबसडक, ताठ, बॅले शिकलेला पाय. खाली येतो, पुन्हा वर जातो. मग एरिक आणि अर्नी दोन बाजूंना येतात आणि तिघं मिळून नाचतात. कसं नाचतात? एखाद्या जुन्या संगीतपटात नाचावं तसं. अर्नेस्ट मॅक्सिन हे त्या कार्यक्रमाचे निर्माते, आणि नृत्य बसवण्यात वाकबगार. त्यांना भपकेदार नाच फार आवडायचे.

मी ती चित्रफीत कितीदा बघितली असेल, मोजलेलं नाही. दरवेळी मी पाय बघायचं ठरवतो आणि दरवेळी चेहराच बघत राहतो. पाय खांद्यावर गेलेला असताना चेहऱ्यावर ओढाताण नाही. संकोच नाही. लाडिकपणाही नाही. एखादं काम चोख येत असलेल्या माणसाचा चेहरा असतो ना, लाटलेली पोळी तव्यावर टाकणाऱ्या सुगरणीचा, तसा. हे मला येतं, फक्त तुम्ही कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी देशात दुसरा विषय नव्हता. ‘अँजेला रिपनना पाय आहेत!’ वर्षभर रोज रात्री घरात येणाऱ्या बाईला पाय आहेत, याचं लोकांना नवल वाटलं.

इथे मला आपल्या स्मिता पाटील आठवतात. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं, आणि सुरुवातीच्या काळात त्या तिथे मराठी बातम्या द्यायच्या. जीन्स घालून यायच्या आणि बातम्यांच्या वेळी त्याच जीन्सवर साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायच्या, ही आठवण अनेकांनी सांगितली आहे. घरोघरी दिसायचा तो पदर, कुंकू आणि ते डोळे. टेबलाखाली जीन्स. लंडन काय आणि वरळी काय, टेबलाने मुलींचं केवढं काय काय झाकून ठेवलं होतं!

आता मला महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. तो नाच झाला आणि अँजेला रिपन पुन्हा टेबलामागे जाऊन बसल्या. नऊच्या बातम्या देत राहिल्या, १९८० चं दशक उजाडेपर्यंत. लोकांनी त्यांच्या तोंडून गंभीर बातमी ऐकली आणि खरी मानली. पाय दिसले म्हणून विश्वास गेला नाही. पाय दिसले, विश्वास गेला नाही. चेहऱ्यालासुद्धा घाबरणाऱ्या १९५४ च्या त्या वरिष्ठांना हे बघायला मिळायला हवं होतं. आणि गंमत ऐका. पुढच्या वर्षी, १९७७ च्या नाताळला, मोरकम आणि वाइज यांनी दूरचित्रवाणीवरच्या निवेदकांची अख्खी फौजच खलाशांच्या वेशात गायला-नाचायला उभी केली. त्यात कोण होते? रिचर्ड बेकर! १९५४ मध्ये ज्यांचा चेहरा दाखवायचा नाही असं ठरलं होतं, तेच रिचर्ड बेकर. खलाशाच्या कपड्यांत.

पुढचं थोडक्यात सांगतो, वेळ होत आलाय. १९७७ मध्ये मोटारींचा ‘टॉप गिअर’ हा कार्यक्रम बीबीसीच्या बर्मिंगहॅमच्या केंद्रावरून सुरू झाला, त्याच्या पहिल्या निवेदकांत रिपन होत्या. त्याच वर्षी लंडनला झालेली युरोव्हिजन गीतस्पर्धा त्यांनीच सादर केली. १९८३ मध्ये टीव्ही-एएम या सकाळच्या वाहिनीच्या पाच नामवंत चेहऱ्यांत त्यांचं नाव होतं, पण काही महिन्यांतच त्यांना तिथून जावं लागलं. मग काही काळ अमेरिकेत बोस्टनला काम केलं, परत आल्या. २००९ पासून ग्राहकांच्या फसवणुकीवरचा कार्यक्रम करू लागल्या. त्यांच्या आईला स्मृतिभ्रंश झाला होता. ते दुखणं घरात बघितल्यावर त्यांनी त्या रुग्णांसाठी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी वर्षानुवर्षं काम केलं, आणि त्या कामासाठी २०१७ मध्ये त्यांना सरकारी सन्मान मिळाला. मला हा सन्मान त्यांच्या बाकी सगळ्या कौतुकापेक्षा मोठा वाटतो. ज्यांच्या घरात असं माणूस आहे, त्यांना मी का म्हणतो ते कळेल.

आणि आता २०२३. बीबीसीची मोठी नृत्यस्पर्धा, ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’. स्पर्धकांच्या यादीत अँजेला रिपन. वय ७८. स्पर्धा चालू असतानाच ७९ पूर्ण झाली. त्या स्पर्धेच्या इतिहासात इतक्या वयाचं कुणी उतरलं नव्हतं. पहिला नाच होता चा-चा-चा. जोडीला काई विड्रिंग्टन नावाचा तरुण नर्तक. संगीत सुरू झालं, आणि श्रोतेहो, तो पाय पुन्हा वर गेला. सत्तेचाळीस वर्षांनी, तोच पाय, सरळ वर. मी पुन्हा चेहऱ्याकडेच बघत होतो.

नमस्कार.