व्याज खाताय की मुद्दल खाताय?

नमस्कार मंडळी. आज पैशाचं बोलूया, आणि सगळ्यात आधी मला आपल्या रिटायर झालेल्या काका-काकूंशी बोलायचंय. कारण सोलापुरात पूर्व भागात जा, सात रस्त्याला जा, नाहीतर जुळे सोलापुरात जा, एक वाक्य हमखास कानावर येतं. "आम्ही मुद्दलाला हात लावत नाही, नुसत्या व्याजावर भागवतो." अभिमानानं सांगतात, आणि अभिमान असायलाच पाहिजे, जन्मभर पोटाला चिमटा काढून साठवलेला पैसा आहे तो. पण या वाक्यातला हिशोब एकदा नीट बघू.

समजा १० लाखाची एफडी आहे आणि ७ टक्के व्याज आहे. वर्षाला ७० हजार मिळतात, महिन्याला धरलं तर ५ हजार ८०० च्या आसपास, आणि ते घरात खर्च होतात. आता महागाई वर्षाला ६ टक्के धरा. म्हणजे आज १० लाखात जेवढा बाजार येतो तेवढ्याच बाजाराला पुढच्या वर्षी १० लाख ६० हजार लागणार, आणि तुमच्याकडं तर १० लाखच आहेत, कारण व्याज सगळं खर्चलं. मग त्या ७० हजारात खरी कमाई किती? फक्त १० हजार. बाकीचे ६० हजार मुद्दलाची झीज भरून काढायला परत ठेवायला पाहिजे होते, ते आपण व्याज समजून किराणात घातले. मुद्दलाला हात लागला नाही असं वाटतं, पण दर महिन्याला मुद्दलच थोडं थोडं खाल्लं जातं, पासबुकावर दिसत नाही एवढंच.

पैसा निम्मा कधी होतो ते काढायची सोपी रीत आहे, ७२ ला महागाईच्या दरानं भागायचं. ६ टक्क्यानं १२ वर्षं, ४ टक्क्यानं १८ वर्षं. साठाव्या वर्षी रिटायर झालेल्या माणसाचे १० लाख बहात्तराव्या वर्षी आजच्या ५ लाखाएवढे राहतात, आणि नेमकं तेव्हाच दवाखाना मागं लागतो.

कुणी म्हणेल ६ टक्के का धरता? रिझर्व्ह बँकेचं टार्गेट ४ टक्क्याचं आहे, त्याच्या २ वर २ खाली चालतं. ते बरोबर आहे, पण तो आकडा सगळ्या देशाच्या सरासरी घराचा आहे, तुमच्या घराचा नाही. जुनी वही सापडली तर पाच वर्षांपूर्वीची किराणा यादी काढा, ज्वारी, शेंगदाणे, करडीचं तेल, गॅस, आणि बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप, प्रत्येकासमोर आजचा भाव लिहा. तुमची महागाई किती ते तुम्हालाच कळेल, आणि ज्यांच्या घरी डॉक्टर किंवा इंजिनीअरिंगची फी आहे त्यांना तर सांगायलाच नको.

२०२५ च्या ऑक्टोबरात महागाईचा दर ०.२५ टक्क्यावर आला होता, तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं संपली महागाई. तसं नसतं हो. दर कमी झाला म्हणजे भाव वाढायचा वेग कमी झाला, आधी वाढलेले भाव तिथंच राहिले. आणि त्याच वर्षात रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते तो दर, ६.५० वरून ५.२५ वर आला, मग बँकांनी एफडीचे दरही उतरवले, म्हणजे जुनी एफडी रिन्यू करायला गेलेल्याच्या हातात कमी व्याज आलं. महागाई परत वर गेली तरी पाच वर्षांसाठी बांधलेलं ते व्याज वाढणार नाही.

एक गोष्ट मात्र मनापासून टोचते. आपलं गाव गिरण्यांचं, यंत्रमागाचं, विडीचं. पीएफच्या ईपीएस ९५ या पेन्शन योजनेतली कमीत कमी पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १ हजार रुपये ठरली आणि पुढं कित्येक वर्षं तिथंच थांबली. वर्षाला ५ टक्के महागाई धरली तरी अकरा वर्षात त्या हजाराचे ५८५ रुपये उरतात. केंद्र सरकारच्या पेन्शनरला वर्षातून दोनदा, जानेवारीला आणि जुलैला, महागाईप्रमाणं वाढ मिळते, आणि चादरी विणून पाठ मोडलेल्या माणसाला काहीच नाही. हे बरोबर नाही, आणि हे बोललंच पाहिजे.

आता तरुणांकडं येतो. पॉलिसीवाला घरी येतो, सांगतो वीस वर्षांनी १० लाख मिळतील. वीस वर्षांनंतरचे १० लाख ६ टक्के महागाईनं आजचे ३ लाख १२ हजार होतात. सही करायच्या आधी एवढा एकच आकडा डोळ्यासमोर आणा. वडीलधारी मंडळी पीपीएफच्या, म्हणजे सरकारी बचत खात्याच्या, जुन्या १२ टक्क्याची आठवण काढतात, पण नव्वदच्या दशकात महागाईही कित्येकदा दहाच्या घरात होती, हातात फारसं उरत नव्हतंच. आज पीपीएफला ७.१ टक्के आहे, टॅक्स नाही, आणि महागाई ४-५ वर राहिली तर उरतं तेवढंच. एफडीच्या व्याजावर मात्र टॅक्स बसतो, २० टक्क्याच्या स्लॅबमधे असाल तर ७ चे साडेपाच होतात, आणि महागाई वजा केली की शिल्लक जवळपास शून्य.

मग सगळं शेअरमधे टाकायचं का? तसं मी कधीच म्हणणार नाही. जानेवारी २००८ ला सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, २१ हजाराला लागला, मग कोसळला, आणि २०१३ संपताना परत २१ हजारावरच होता. सहा वर्षं! मधल्या काळात महागाई दहाच्या आसपास, म्हणजे आकडा तोच असून खरी किंमत चाळीस टक्के गेली. तोच सेन्सेक्स जुलै २०२४ ला ८० हजारावर गेला. महागाईला मागं टाकायची ताकद त्याच्यात आहे, पण त्याला दहा-पंधरा वर्षं द्यावी लागतात, म्हणून दोन वर्षांवर पोरीचं लग्न असेल तर ते पैसे तिकडं नेऊच नका. आणि एसआयपी, म्हणजे दर महिन्याला म्युच्युअल फंडात ठरावीक रक्कम, लावली असेल तर पगार वाढला की तीही वाढवा, २ हजाराची एसआयपी दहा वर्षं २ हजारच ठेवली तर ती दरवर्षी आपोआप लहान होत जाते.

साठीच्या पुढच्यांसाठी पोस्टाची सिनियर सिटिझन स्कीम आहे, एप्रिल २०२३ पासून तिला ८.२ टक्के झालं, दर तीन महिन्याला व्याज, ३० लाखापर्यंत ठेवता येतं, आणि ज्या दरानं पैसे टाकले तो दर पाच वर्षं बदलत नाही. आणि एफडी रिन्यू करायला जाल तेव्हा एकाच पावतीच्या दोन करून मागा, एक महिन्याला व्याज देणारी, दुसरी व्याज आतच साठवणारी. निम्मं निम्मं केलं तर ७ टक्के व्याजातलं साडेतीन टक्के मुद्दलात राहतं, झीज ६ वरून अडीच टक्क्यावर येते. ज्यांना महिन्याचा खर्च भागवून एवढं ठेवणं जमत नाही त्यांनी लाखभराची का होईना दुसरी पावती करा, आणि ती कुणाच्या नावे नॉमिनेशन केली ते घरात सांगून ठेवा.