तेल आट्यांवर नाही, वॉशरवर थांबतं

नमस्कार मंडळी. कॅमेरा जरा खाली घेतो. फ्रेमवरचा हा काळा ओघळ बघा. इंजिन होंडाचं जीएक्स 160, पाण्याच्या पंपावरचं. ड्रेन बोल्ट, म्हणजे जुनं तेल काढायचा बोल्ट, फ्रेमच्या इतका जवळ आहे की सोडला की तेल आधी फ्रेमवर, मग रबरी पायांवर, मग लादीवर. आज त्या बोल्टच्या जागी आपण छोटा व्हॉल्व्ह बसवतोय.

हे काम मी पहिल्यांदा केलं तेव्हा चुकलो होतो. सानपाड्यातल्या एका सोसायटीच्या तळघरात पावसाचं पाणी भरायचं. इंजिन वर रॅम्पवर, मोकळ्या हवेत, आणि सक्शन पाइप खाली. (पेट्रोल इंजिन तळघरात कधीच चालवू नका, त्या धुराने माणूस जातो.) मी हार्डवेअरच्या दुकानातून 1/8 इंची, म्हणजे एक सुताचं पितळी निप्पल आणलं, टेफ्लॉन टेप गुंडाळली आणि पिळलं. दोन आटे हाताने गेले, पुढचे पान्याने रेटले. त्या दिवशी गळालं नाही. पण रात्रभर पंप चालला आणि पहाटे डिपस्टिक काढली तर टोकालासुद्धा तेल नाही. इंजिन वाचलं, केसचे, म्हणजे इंजिनच्या बाहेरच्या धातूच्या खोक्याचे आटे मात्र गेले. हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, टाकून दुरुस्त करावं लागलं.

का झालं ते नीट बघा. बोल्टचे आटे एम 10, म्हणजे व्यास 10 मिमी, आणि पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, 1.25 मिमी. त्या निप्पलचा व्यास 9.73 मिमी, आणि इंचात 28 आटे. डोळ्याला सारखेच दिसतात, पण पिच वेगळा. वरून टेपर, म्हणजे टोकाकडे निमुळतं निप्पल पाचरीसारखं घुसतं, आणि केस आहे अ‍ॅल्युमिनियमचा. टेपचे तुकडे तेलात जातात ते वेगळंच.

खरी गोष्ट अशी, की या बोल्टचे आटे सरळ आहेत. सरळ आट्यांमधून तेल वाट काढतंच. आटे फक्त ओढून धरतात. तेल अडतं ते बोल्टची कॉलर (डोक्याखालची रुंद कड) आणि केसचं सपाट तोंड यांच्यामध्ये दाबलेल्या वॉशरवर.

म्हणून मी अडॅप्टर करून घेतो. रबाळ्याच्या एमआयडीसीत लेथवाल्याकडे जुना बोल्ट नमुना म्हणून द्या आणि एवढंच सांगा: आटे आणि कॉलरचं तोंड एकाच पकडीत काढ. पकड बदलली की तोंड किंचित तिरकं होतं आणि वॉशर एकाच बाजूने दाबला जातो. भोक 5 मिमी पुरे. आट्यांची लांबी मूळ बोल्टएवढीच. टोक आत डोकावलं तर तेवढं तेल दर वेळी तळाशी राहतं.

तांब्याचा वॉशर नवा घ्या. जुनाच वापरायचा असेल तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, तांबं मऊ पडतं. केसचं तोंड फडक्याने पुसा, पॉलिश पेपर लावू नका. हाताने पूर्ण बसवा, मग आखूड पान्याने साधारण पाव फेरा. बास.

अडॅप्टर आणि व्हॉल्व्हमधला जोड टेपर आट्यांचा, तिथे लिक्विड सीलंट चालतो. तो जोड आधी टेबलावर करून वाळू द्या. व्हॉल्व्ह लटकता ठेवू नका. एका सिलिंडरचं इंजिन फार थरथरतं, त्यामुळे फ्रेमला क्लॅम्प हवाच. आणि व्हॉल्व्हच्या तोंडाला झाकण. कुणाचा पाय लागून दांडी फिरली तरी तेल आतच राहतं.

यात तेल बसतं जेमतेम 600 मिली. सेकंदाला एक थेंब, 30 थेंबांचा 1 मिली धरा, म्हणजे तासाला 120 मिली. पाच तासांत खडखडाट, आणि इंजिन त्याच्या बरंच आधी जाईल. म्हणून तपासणी सोडू नका. जोडावर खडूची पूड भुरभुरवा, दहा मिनिटं इंजिन चालवा. पांढऱ्यावर ओला डाग उमटला की गळती कुठून ते लगेच कळतं. तासभर चालवल्यावर परत बघा.

आता तेल काढू. इंजिन बंद, पण कोमट. नळी कॅनमध्ये. नळी नायट्राइल रबराचीच घ्या, पारदर्शक प्लास्टिकची नळी गरम तेलाने कडक होते. हे तेल गटारात ओतू नका, हात जोडून सांगतो. आपली गटारं खाडीला मिळतात. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य 2022 साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, तिथलं पाणी आपल्याच हातात आहे. कॅन भरला की वापरलेलं तेल घेणाऱ्या अधिकृत रिसायकलरकडे द्या.

हे बघा, धार सरळ कॅनमध्ये. फ्रेम कोरडी. व्हॉल्व्ह बंद केला, झाकण लावतो.