आधी रिकाम्या हाताने जा

या, या, पुढे बसा, मागे पंखा नाहीये. विषय मला दिलाय, छोटं चर्च शेजाऱ्यापाजाऱ्यांना कशी मदत करतं. आमची मंडळी खरंच छोटी आहे, रविवारी उपासनेला साठ-सत्तर माणसं, निम्मी मराठी, निम्मी गुजराती. पण मी सुरुवात पुरापासून करणार, कारण मला जे कळलं ते तिथेच कळलं.

जन्माष्टमीचा पाऊस आठवतोय ना सगळ्यांना? ऑगस्ट 2024. आपल्या बडोद्याची विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली, मगरी सोसायट्यांच्या गेटपाशी आल्या (माझा नातू अजून विचारतो, आजोबा, परत कधी येणार, मी म्हणतो बाबा नको रे!). पाणी ओसरलं तसं आम्ही घाईघाईने किट बांधली, पीठ, तूरडाळ, तेल, मीठ, साखर, आणि चर्चच्या मागच्या वस्तीत निघालो, मनातून फार खूश होतो हो. पहिल्याच घरात एक मावशी, मूळच्या खानदेशातल्या, त्यांनी पिशवी घेतली, बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "भाऊ, पीठ देताय, पण भाकरी भाजू कशावर? शेगडी गाळात आहे." मग पदराखालून प्लास्टिकची पिशवी काढली. आत रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, मुलाचा शाळेचा दाखला, सगळं चिकटून एकच लगदा झालेला. "हे सुकवून देता का?"

मी पिशवी हातात धरून उभाच राहिलो. किट बांधताना हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

तर त्या दिवशी आम्ही चर्चचे बाक भिंतीला लावले, जुने पेपर अंथरले, लाईट आल्याबरोबर सगळे पंखे फुल. बायकांनी उलथन्याच्या कडेनं एकेक पान सोडवलं, अगदी हळू, ओढलं की फाटतंच. मग वर पातळ सुती कापड ठेवून कोमट इस्त्री. लॅमिनेट केलेल्या आधारकार्डात पाणी आत अडकलं होतं, त्याची कड कात्रीने कापून आतला कागद बाहेर काढायचा. छापलेलं टिकलं, पण शाईच्या पेनाने लिहिलेलं सगळं पसरलं, एका आजोबांच्या नवसाच्या वहीत नुसता निळा ढग उरला होता, तरी त्यांनी ती वही छातीशी धरून नेली. तीन दिवसांत चाळीसेक घरांचे कागद झाले. कोण कुठल्या देवाचं हे कुणी विचारलं नाही, आमच्या वेदीच्या पायरीवर एका काकांचं सत्यनारायणाच्या पोथीचं बाड वाळत होतं.

याच वस्तीत एक टेम्पोही आला होता. नाव घेत नाही. बायकांना बॅनर धरायला लावला, फोटो काढला, फोटो नीट आला नाही म्हणून पिशव्या परत घेतल्या आणि पुन्हा दिल्या. मला त्याचा आजही राग येतो. मदत घेणाऱ्याचा चेहरा आपल्या कामासाठी वापरायचा नसतो हो.

बायबलमध्ये प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय बघा. यरुशलेमेतली पहिली मंडळी, आणि भांडण कशावरून? रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय. मग सात जण नेमले, काम एकच, वाटप नीट व्हावं. म्हणजे वाटपात कोण सुटलं हे बघणं हे पहिल्यापासून मंडळीचं काम आहे. आणि आपल्याकडे छपन्नाच्या दुष्काळात, म्हणजे विक्रम संवत 1956, इंग्रजी 1900 च्या सुमारास, पंडिता रमाबाईंनी गुजरातमधून मुली पुण्याजवळ केडगावला नेल्या, नुसतं जेवण नाही, लिहायला वाचायला शिकवलं, हाताला काम दिलं...

चिठ्ठी आली, सात मिनिटं. बरं, मग पटापट सांगतो.

आता आम्ही आधी रिकाम्या हाताने जातो. बसतो, पाणी पितो, विचारतो काय अडलंय. बहुतेक वेळा धान्य नसतं अडलेलं, रेशनकार्डाची ई-केवायसी, म्हणजे अंगठा लावून ओळख पटवणं, अडलेलं असतं, अंगठा मशीनवर उमटत नाही. मग आमच्यातला एक जण बरोबर रांगेत उभा राहतो. टीबीचे चार पेशंट घेतलेत, सरकारची निक्षय मित्र योजना आहे ना 2022 पासूनची, पेशंटच्या पोषणाची जबाबदारी घ्यायची, त्यात. सरकारचे महिन्याला 1000 रुपये खात्यात येतात, आधी 500 होते, पण खातं आधारला जोडलेलं नसलं की पैसे अडकतात, ते जोडून देणं हेच मोठं काम. एकाला आम्ही अंडी देणार होतो, तो म्हणाला घरात चालत नाही, शेंगदाणे आणि दूध द्या. विचारलं म्हणून कळलं. गोळ्या सहा महिने, मध्ये सोडायच्या नाहीत, म्हणून दर आठवड्याला कुणीतरी चक्कर मारतो.

धान्यासाठी मिझोरामच्या मंडळ्यांची पद्धत उचललीय, तिथे स्वयंपाक करताना घरटी एक मूठ तांदूळ बाजूला काढतात. आमच्या घरोघरी डबा आहे, रविवारी रिकामा होतो. पिशवीत पत्रक नाही, फोटो नाही, उपासनेला या असा निरोपही नाही, याबाबतीत पाळकसाहेब फार कडक आहेत.

दुसरी चिठ्ठी आली. बुधवारी संध्याकाळी पाचला आम्ही वस्तीत फॉर्म भरायला बसतो, गुजराती वाचता येणारे दोघे-तिघे हवेत. कुणाला जमत असेल तर खाली उतरताना मला भेटा.