कूलर कोणाचं ऐकतो?

(नागपुरातल्या एका उन्हाळी व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

पत्रिकेत माझा विषय 'स्मार्टफोनद्वारे उपकरणांचे नियंत्रण व संवेदकांचे वाचन' असा छापलाय. मी दिलेलं नाव होतं 'कूलर कोणाचं ऐकतो?' संयोजकांना ते व्याख्यानाला शोभेसं वाटलं नसावं. पण मे महिन्यात, नागपुरात, संध्याकाळी एवढी माणसं इथं जमली ती संवेदकांच्या, म्हणजे सेन्सरांच्या, ओढीनं जमली असतील असं मला वाटत नाही. या सभागृहाला एसी आहे. तुम्हाला तासभर गार हवा हवी आहे आणि मला तासभर बोलायचंय, तेव्हा जमलं.

माझं म्हणणं दोन वाक्यांचं आहे. ते आधीच सांगून ठेवतो, कारण शेवटी वेळ उरत नाही हा माझा लौकिक इथल्या पुष्कळांना ठाऊक आहे. फोनवरून यंत्रं चालवा, खुशाल चालवा, पण निर्णय यंत्रापाशी राहू द्या. फोननं विचारावं, सांगावं, आणि तो बंद पडला, हरवला किंवा तुमच्याबरोबर पुण्याला गेला, तरी मागं यंत्राला आपलं काय करायचं ते कळलं पाहिजे.

आता हे माझ्या डोक्यात कुठून बसलं ते ऐका. माझे एक साडू आहेत. नाव सांगत नाही, त्यांचे शेजारी तिसऱ्या रांगेत बसलेत. साडूंच्या मुलानं बंगळुरूहून त्यांना एक स्मार्ट प्लग पाठवला. कूलरची पिन त्यात खोचायची आणि कूलर फोनवरून चालू-बंद करायचा. तो बसवायचा म्हणजे आधी अ‍ॅप, मग खातं, मग ओटीपी, मग परवानग्या. साडूंचा मला फोन: "अहो साडूभाऊ, हा प्लग माझं लोकेशन काऊन मागून राहिला? मी घरीच तर आहो!"

प्रश्न रास्त होता. आजूबाजूची ब्लूटूथ यंत्रं कोणती हे कळलं की माणूस कुठं आहे याचाही अंदाज बांधता येतो, म्हणून अँड्रॉइड त्या शोधासाठी लोकेशनची परवानगी मागायचा. अँड्रॉइड १२ पासून 'जवळची उपकरणं' अशी वेगळी परवानगी आली. साडूंचा फोन जुना. परवानगी दिली, तरी प्लग वायफायला जोडेना. का, तर घरातला राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. फोन ५ वर, आणि प्लगला २.४ शिवाय दुसरं ऐकूच येत नाही. हे खोक्यावर लिहिलेलं असतं, पण ते वाचायला भिंग लागतं. शेवटी जोडला. प्लग गेला लोखंडी कपाटामागं, कारण कूलरचा सॉकेट तिथंच आहे. साडू खूश. सोफ्यावर बसून बोटानं कूलर लावायचे आणि पाहुण्यांना दाखवायचे.

मग एके दिवशी, दुपारी दोनची वेळ, पारा ४५ च्या वर. त्यांच्या रस्त्याचं सिमेंटीकरण चालू होतं. आपल्याकडे रस्ता एक तर सिमेंटचा होऊन राहिलेला असतो, नाहीतर झालेला पुन्हा खोदून राहिलेले असतात. जेसीबीनं इंटरनेटची केबल उचलली. वीज होती. कूलर खिडकीत होता. फोन हातात होता आणि फोनचा डेटाही चालू होता. हात आणि कूलर यांत चार फुटांचं अंतर. आणि अ‍ॅपवर एकच शब्द: ऑफलाइन.

कारण हाताशी असलेला फोन त्या प्लगशी थेट बोलतच नव्हता. तुम्ही बटण दाबलं की निरोप टॉवरकडे, टॉवरकडून कंपनीच्या सर्व्हरकडे, तो कुठल्या देशात ठेवलाय ते कंपनीलाच ठाऊक, तिथून परत तुमच्या राउटरकडे, आणि मग कपाटामागं. शंकरनगरहून शेजारच्या धरमपेठेत पार मध्य प्रदेशातल्या इटारसीमार्गे जावं तसं. इटारसीची लाइन तुटली की धरमपेठ बंद.

साडूंनी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. अ‍ॅप काढून पुन्हा टाका म्हणाली. यांनी काढलं, टाकलं, आणि आता अ‍ॅपला पासवर्ड हवा, तो मुलाकडे. मुलगा मीटिंगमध्ये. मीटिंगमधून बाहेर येऊन त्यानं बंगळुरूहून कूलर लावून पाहिला. ऑफलाइन. म्हणजे त्या घडीला नागपुरात बाप, बंगळुरूत लेक, हेल्पलाइनवर एक मुलगी आणि कुठल्यातरी देशात एक सर्व्हर, एवढे सगळे मिळून एक कूलर फिरवायला बघत होते. साडूंच्या आई नव्वदीकडे झुकलेल्या. त्या पलंगावरून म्हणाल्या, "बाप्पा, पिन उपटा न त्याची!" दोघांनी कपाट सरकवलं, प्लग काढला, पिन सरळ सॉकेटमध्ये घातली. प्लगला स्वतःचं बटणही होतं हो, पण कपाटामागचं बटण कोण दाबणार?

हसू नका, पुढं ऐका. पुढच्या उन्हाळ्यात कंपनीचा मेल आला: या मॉडेलची सेवा आम्ही थांबवत आहोत. प्लग धडधाकट, घरात वीज, वायफाय, केबलही जोडलेली. पण सर्व्हर बंद, म्हणून प्लग मुका. पैसे साडूंनी मोजले आणि मालकी दुसऱ्याचीच निघाली. यावर मी एक पत्र लिहिलं होतं, कंपनीलाच, चांगलं तीन पानी. उत्तर म्हणून मला नव्या मॉडेलवर सवलतीचं कूपन आलं. तो राग अजून गेलेला नाही. तुमच्या लक्षात आलंच असेल.

आणि ही काय आजची विद्या आहे? १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी विनातार लहरी सोडून दूरची घंटा वाजवली आणि बारूद उडवली. मधे भिंत होती, आणि बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरांचा देहसुद्धा होता. लहरी दोन्हींतून पार गेल्या. सरकारी देहातून काहीतरी आरपार गेल्याची ही दुर्मीळ नोंद म्हणायची. १८९८ मध्ये टेस्लानं न्यूयॉर्कला पाण्याच्या हौदात विनातार होडी चालवून दाखवली. १९४२ मध्ये हेडी लमार या हॉलिवूडच्या नटीनं, एका संगीतकाराला बरोबर घेऊन, टॉर्पिडोला दिलेल्या आज्ञा शत्रूनं बिघडवू नयेत म्हणून सारखी वारंवारता बदलत राहण्याचं पेटंट घेतलं. तुमचा जुन्या धाटणीचा ब्लूटूथ हेडफोन आज तेच करतो, ७९ मार्गिकांवरून सेकंदाला १६०० उड्या मारतो. यातल्या एकानंही ओटीपी मागितला नव्हता.

मी नोकरी केली औष्णिक वीज केंद्रात, इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये. तिथं दाब किंवा तापमान मोजणारा ट्रान्समीटर नियंत्रण कक्षाकडे विजेचा प्रवाह पाठवतो. सगळ्यात कमी मापाला ४ मिलिअँपिअर, सगळ्यात जास्तीला २०. नवीन पोरं विचारायची, साहेब, शून्यापासून का नाही? मी म्हणायचो, जा, तार काढून ये. तार काढली की इकडे शून्य. म्हणजे शून्य आलं तर माप कमी झालेलं नाही, तार तुटलेली आहे. बॉयलरमध्ये दाब नाही आणि बॉयलरकडून खबर नाही, या दोन गोष्टी एकाच आकड्यानं दाखवल्या तर शिफ्टमधल्या माणसानं करायचं काय? मौनाला वेगळी जागा ठेवलेली आहे. ही अक्कल आमच्या क्षेत्रात माझ्या आधीच्या पिढीपासूनची आहे, आणि मी पाहिलेल्या टाकीच्या अ‍ॅपांत ती नाही. सेन्सर मरून दोन दिवस झाले तरी अ‍ॅप परवाचा शिळा आकडा हिरव्या रंगात दाखवत बसतं. टाकी ८० टक्के भरलेली. आणि वर नळाला थेंब नाही.

यावरून आमच्या कंट्रोल रूममधली एक गंमत आठवली... चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, गंमत राहू द्या. विषय सुरू करतो.

टेबलावर ठेवलेला हा बोटभर बोर्ड म्हणजे ईएसपी३२, सेन्सर वाचणारा आणि यंत्रं चालू-बंद करणारा इवलासा संगणक. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ही चिप २०१६ मध्ये आली, एकाच चिपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ. हा स्वतःच हॉटस्पॉट बनतो. फोन त्याला जोडायचा, ब्राउजरमध्ये १९२.१६८.४.१ टाकायचं, की बोर्डानं वाढलेलं पान दिसतं: आकडे, बटणं. खातं नाही, सर्व्हर नाही, जेसीबीची भीती नाही. फोन म्हणेल 'इंटरनेट नाही, तरी जोडून ठेवू?' हो म्हणा.

ब्लूटूथचे प्रकार दोन. एचसी-०५ हे स्वस्त मॉड्यूल जुन्या प्रकारचं. अँड्रॉइडवर चालतं, आयफोनवर चालत नाही. आयफोनवाल्यांनी कमी विजेवर चालणारा दुसरा प्रकार घ्यावा, जो ब्लूटूथ ४.० बरोबर २०१० मध्ये आला. एचसी-०५ चा कोड बहुधा १२३४ असतो, तो आधी बदला, नाहीतर शेजारचं पोट्टं तुमची मोटर चालवेल. रक्तदाबाचं मशीन घेणाऱ्यांनी हे लिहून घ्या. या कमी विजेच्या ब्लूटूथमध्ये प्रत्येक मापाला ठरलेला सार्वजनिक क्रमांक आहे: हृदयगती १८०डी, थर्मामीटर १८०९, रक्तदाब १८१०. कंपनीनं तो पाळला असेल तर कुठल्याही सर्वसाधारण अ‍ॅपमध्ये तुमचा आकडा दिसतो, त्यांच्याच अ‍ॅपच्या दारात उभं राहावं लागत नाही. दुकानात हे विचारा. पोरगा तोंडाकडे बघत राहील. बघू द्या.

कूलर. आपला कूलर पत्र्याचा, तीन बाजूंनी ओल्या ताट्या. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीला पत्रा अडवतो आणि पाणी शोषतं, म्हणून बोर्ड आत ठेवू नका, बाहेर प्लास्टिकच्या डबीत ठेवा. तापमानाला डीएस१८बी२० नावाचा सेन्सर घ्या, पाणी न शिरणारा, आपल्या हवेत अर्ध्या अंशाच्या आत बरोबर सांगतो. शेजारी आर्द्रतेचा सेन्सर लावा. कारण कूलर हवा ओल्या थर्मामीटरच्या, म्हणजे टोकाला ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरच्या, आकड्याखाली नेऊच शकत नाही. मे महिन्यात ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर तो आकडा सुमारे २४. जूनमध्ये पाऊस पडून ३६ अंश आणि ६० टक्के झालं की २९, वर चिकचिक. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा ठेवायचा. हा हिशेब बोर्ड करतो, फोन झोपलेला असला तरी. टाकीत पाणी संपलं की पंप बंद, हेही त्यानंच ठरवायचं. आणि अर्थिंग तपासा, लाइनवर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच, लावा. कूलरच्या शॉकनं दर उन्हाळ्यात विदर्भात माणसं जातात. हे जमत नसेल तर बाकीचं सगळं सोडा.

गच्चीवरची टाकी. अल्ट्रासॉनिक सेन्सर प्रतिध्वनीच्या वेळेवरून पाण्याचं अंतर काढतो. नेटवरचे तयार प्रोग्रॅम बहुधा आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरतात, तो २० अंशांचा. आपल्या टाकीत ४५ अंश असले की वेग ३५८ च्या पुढे जातो. म्हणजे मीटरभर अंतरात चारेक सेंटिमीटरचा फरक, आणि पाणी असतं त्याहून वर दिसतं. तापमान मोजून दुरुस्ती करा. पाणी न शिरणाऱ्या जातीला अगदी जवळचं २०-२५ सेंटिमीटर दिसत नाही, तेवढा तो उंच बसवा.

मोटर. या निळ्या रिलेवर, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या छोट्या स्विचवर, १० अँपिअर लिहिलंय म्हणून एक एचपीची मोटर थेट लावू नका. सुरू होताना ती कितीतरी पट प्रवाह ओढते, रिलेचे संपर्क चिकटतात, आणि अ‍ॅपवर 'बंद' असताना मोटर चालूच. रिलेनं काँटॅक्टर, म्हणजे मोठा प्रवाह झेलणारा दणकट स्विच, चालवा, काँटॅक्टरनं मोटर. आणि फोनवर दिलेली आज्ञा दाखवू नका, वायरीतला प्रवाह मोजून तो दाखवा. 'चालू कर' अशी आज्ञाच ठेवू नका. '२० मिनिटं चालू कर' अशी ठेवा, म्हणजे मधेच तुमच्या फोनची बॅटरी गेली तरी मोटर वेळेवर थांबते.

आणि ते मौनाचं. बोर्डानं दर दहा सेकंदांनी 'आहे' म्हणायचं. तीनदा आलं नाही तर फोननं आकडा पुसायचा आणि लिहायचं: माहीत नाही.

काटोलच्या पाहुण्यांनी मघाशी बाहेर विचारलं, संत्र्याच्या बागेत चालेल का? ब्लूटूथ-वायफाय तिथवर पोचत नाहीत. तिथं लोरा, म्हणजे कमी विजेवर लांबवर पोचणारा रेडिओ, घ्या, आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला परवाना लागत नाही. पंपासाठी मोबाइलच्या नेटवर्कवर चालणारे स्टार्टर आहेत, पुण्याच्या संतोष ओस्तवालांचं 'नॅनो गणेश' त्यातलंच. रात्रीच्या थ्री-फेजसाठी उठून विहिरीवर जायचं वाचतं. पण विहीर कोरडी पडल्यावर मोटर थांबवणं तिथल्या तिथंच झालं पाहिजे, तुमच्या फोनची वाट न बघता.

दुसरी चिठ्ठी. चहा बाहेर आहे. ज्यांना हे चालताना बघायचंय त्यांनी आधी टेबलापाशी या, वायफायच्या यादीत 'कूलर-१' दिसेल. पासवर्ड पाटीवर लिहिलाय. घरी असं करू नका.